वहिनीचं ताट आधी

दुष्काळाचं साल. म्हशीचं निघंल तेवढं दूध सोसायटीच्या डेअरीत जायचं, घरात चहा कोराच. माझी वहिनी मनकर्णा सातव्या म्हैन्यात होती. हंडा आणताना चक्कर येऊन पडली. भाऊ ऊसतोडीला गेलता, मग माय आन् मी तिला जीपमदी घालून पाटोद्याच्या दवाखान्यात नेलं.

डाक्टरीणबाईनं पापणी वढून बघितली. रगत लई कमी हाय म्हणल्या. मग वहिनीला इचारलं, "काल सकाळपासून काय काय खाल्लं?"

मधीच मायनं सुरू केलं. भाकर, वरण, दूधबी हाय, आमच्यात काय कमी न्हाई. बाई म्हणल्या, तिला बोलू द्या. वहिनी मायच्या तोंडाकडं बघत बसली. माझं डोस्कं सणकलं.

"अर्धी भाकर आन् चटणी," मी म्हणलं. "बाप्ये जेवल्यावर. टोपल्यात जादा असली तरी माय झाकून ठिवती."

"गप बस, बायडे. शाळा सोडली, जीभ सोडली न्हाई."

पर मग मायच बोलाया लागली. माझी थोरली बहीण, तिची पहिली लेक, बाळंतपणात गेली, लेकरू मोठं व्हतं, आडलं. पोटुशीनं पोटभर खाल्लं की लेकरू आडतं, असं समद्या बाया सांगत्यात. सुनंला वाचवायलाच ती घास मोजीत व्हती.

बाई चिडल्या न्हाईत. आडायची कारणं येगळी असत्यात, ती तपासून कळत्यात, म्हणल्या. पर रगत असंच आटलं तर बाळंतपणात हीच जाईल. आन् एकदम मायकडं वळल्या.

"तुम्ही काल काय खाल्लं?"

"ह्यांला दोन भाकरी..."

"तुम्ही."

मायनं पदर पिळला. "मी आपली टोपल्यात बघती, काय उरलं ते."



सांजच्याला घरी आबा जेवाया बसले. मी पहिलं ताट वाढलं आन् वहिनीम्होरं ठिवलं. ती उठाया लागली, मी खांदा दाबून बसवलं.

आबाचा आवाज चढला. "कावून गं? ह्या घरात सून सासऱ्याआधी कवा जेवली?"

माय चुलीपशी होती. तिनं आजवर आबाला उलटं उत्तर दिलं नव्हतं.

"खा गं मनकर्णा," माय म्हणली.

वहिनीनं भाकर मोडली. पहिला घास गिळला.

"मला वाढता का न्हाई?" आबा म्हणले.

"थांबा जरा," मायनं भाकर थापता थापता सांगितलं. "तिचं होऊ द्या."