दारातला ठोकळा

मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. चाकणच्या मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मला ओतलं, तपासलं आणि अंगात पोकळी निघाली म्हणून लाल रंग फासून बाजूला टाकलं. गाडीत बसायचं माझ्या नशिबात नव्हतं. मग तिथल्या कंत्राटी कामगार शालनबाईंनी मला उचलून सुपरवायझर दौलतरावांच्या केबिनच्या दारात ठेवलं. ते दार आपोआप लागायचं आणि लागलं की बाहेरून उघडत नसे.

मित्रांनो, सहा वर्षं मी तिथे होतो. शिफ्ट बदलून हवी, कंत्राट वाढवून हवं, तर दौलतरावांची सही लागे. सही मागायला जाणारी बाई आधी मला दारात सारत असे, मगच आत जात असे. का, ते कुणी बोलत नसे. "ठोकळा हाय म्हणून निभावतंय," एवढंच शालनबाई म्हणत. मी फुशारून जाई. कसला मूर्ख मी!

सृष्टी परभणीहून नवी आलेली. तिला कुणी काही सांगितलंच नाही. ती सहीसाठी आत गेली, तशी दौलतरावांनी मला बुटाने बाजूला ढकललं आणि दार लागलं.

"कायम व्हायचंय ना? मग माझं ऐकावं लागेल," ते म्हणाले. पुढे तिची किंकाळी ऐकू आली. मी बाहेर पडून होतो.

सृष्टीने लेखी तक्रार केली. चौकशी समितीपुढे दौलतराव म्हणाले, "पोरगी खोटारडी आहे. कायम केलं नाही म्हणून डूख धरलाय."

शालनबाईंचं कंत्राटही त्यांच्याच सहीवर होतं. तरी त्या मला कडेवर घेऊन समितीच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी मला टेबलावर आदळलं.

"मग सहा वर्सं आमी नऊ बाया ह्यो ठोकळा दारात कशापायी ठिवत व्हतो?"

मग शालनबाई रडू लागल्या. "पोरीला सांगाया हवं व्हतं. न्हाई, तुमास्नीच सांगाया हवं व्हतं."

दौलतरावांची नोकरी गेली, गुन्हा दाखल झाला. मी पोलिसांच्या मुद्देमालात, गळ्यात चिठ्ठी बांधून बसलो आहे. तारखांवर तारखा पडतात. सृष्टी दर तारखेला कामाचा खाडा करून येते. आम्ही दोघंही थकलो आहोत, पण ती यायची थांबत नाही.

परवा मला कोर्टात आणलं होतं, तेव्हा बाकावर शालनबाई तिला म्हणाल्या, "नवा साहेब बरा हाय गं. तरी पोरींनी दारात दुसरा ठोकळा ठिवलाय."

मित्रांनो, माझं कौतुक नको. कुठल्या दारात असा ठोकळा दिसला, तर ओलांडून जाऊ नका. तो कुणी ठेवला आणि कशासाठी, एवढं मोठ्याने विचारा.