शेंडा आत गेला

धुळ्याच्या नव्या नाट्यगृहाचं छत केळीच्या पानासारखं होणार होतं. वाऱ्यानं उचललेलं, एका बाजूनं फाटलेलं, शेंडा पार रस्त्यावर आलेला. आर्किटेक्ट कामिनी झोपे फैजपूरची, त्यामुळे पान कुठून सुचलं हे कुणी विचारलं नाही. सरळ पत्रे टाकले तर काय बिघडतं, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. विश्वस्तांनी विचारलं, तिच्या सासूनं विचारलं. छताचा एक बाक वास्तुशास्त्रवाल्यानं खाल्ला. फाटलेली बाजू "फाटकं दिसतं" म्हणून बुजवली. उरला शेंडा. तेवढा तरी मी काढला तसाच बसणार, असं कामिनीनं ठरवून टाकलं होतं.

शेंडा म्हणजे पिळलेले पाइप आणि त्यावर पत्रा, ट्रेलरभर लांबीचा एकच तुकडा. जळगावच्या अतिकभाईंनी आपल्या वर्कशॉपमध्ये तो वाकवला होता. पण ट्रेलर आवारात तोंड फिरवून शिरला, त्यामुळे क्रेनला लटकला तेव्हा शेंड्याचं टोक आत. आता दोर बांधून त्याला हवेतच फिरवायचं, मग खांबांवर टेकवायचं, असं ठरलं. क्रेनवाला उजैर उत्तर प्रदेशातला. तो भिंतीपलीकडे होता, त्याला काही दिसत नव्हतं. त्याचं सगळं वॉकीटॉकीवर. अतिकभाईंनी त्याला बजावलं होतं, "मैं 'बैठा' बोलूँगा, तभी छोड़ना."

दोर बांधणं चालू होतं, तेवढ्यात ट्रस्टचे अध्यक्ष मोतीलालनाना नारळ घेऊन आले. कुठल्याही कार्यक्रमात माइक घ्यावा तसा त्यांनी अतिकभाईंच्या हातातून वॉकीटॉकी घेतला.

"काय रे भो," नाना त्यात मोठ्यानं म्हणाले, "बठ्ठा नटबोल्ट लागनात का?"

अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे, हे उजैरला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं बैठा ऐकलं. बसवलं.

"अबे रुक! रुक!" अतिकभाई ओरडले, पण नानांनी बटण सोडलं होतं आणि वॉकीटॉकी कानाला लावून ते उत्तराची वाट बघत होते. शेंडा अलगद खाली आला. खांबांवरची भोकं दोन्ही बाजूंनी सारखीच होती, अतिकभाईंचं काम चोख. टक्क करून बसला. टोक आत, कापलेला रुंद भाग रस्त्यावर. नानांनी लगेच नारळ फोडला. सगळ्यांना खोबरं मिळालं. कामिनीलाही.

"नाना, उलटा बसला," ती चावता चावता म्हणाली.

"कोन?"

"शेंडा. पुन्हा उचलावा लागेल."

"बेटा, नारळ फुटी गया. आते हालाडानं नही. देव काय म्हनी?"

"देवाला टोक बाहेर आवडलं असतं."

"तुले सांगं का त्यानी?"

तोवर उजैरनं हूक सोडवून क्रेन मिटली होती. साक्रीला पवनचक्कीचं पातं त्याची वाट बघत होतं. विश्वस्त रस्त्यावर जाऊन वर बघत उभे राहिले.

"पान शे हाई?"

"पान कसानं? चप्पल शे."

रिक्षावाल्यांनी ते ऐकलं. मग काय, नाट्यगृहाचं बारसं झालं.

कामिनीनं आपल्याला राग येतोय का ते पाहिलं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर जिभेनं गाल चाचपतात, तसं. गाल होता, पण आपला नव्हता.

अतिकभाई टोपी हातात घेऊन आले. "मॅडम, शिव्या द्या मला."

"कशाला?"

"वॉकीटॉकी माझ्या हातात होता. दिला मी. चार शिव्या खाल्ल्याशिवाय जेवण नाही उतरणार."

"नाना मागतात तर कोण नाही देणार?"

"तरी पण. गधा तरी म्हणा."

"गधा."

"असं नाही हो! हजेरी घेतल्यासारखं काय म्हणता? दिल से म्हणा."

"जमत नाहीये, अतिकभाई."

ते जरा दुखावलेच. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "मी जळगावहून दुसरी क्रेन आणतो. नाना लग्नाला दोंडाईच्याला गेले की उचलायचा, फिरवायचा, बसवायचा. त्यांना थोडंच कळणार आहे? त्यांना चप्पलच दिसते, कुठूनही बघितलं तरी."

कामिनीनं वर पाहिलं. शेंडा उन्हात चमकत होता, छान बसला होता. आत गेलेल्या टोकावर एक पारवा येऊन बसला. या छतासाठी अजून एकदा कुणाशी तरी भांडायचं, एवढं तिनं मनात आणून बघितलं, आणि तिचा हात आपोआप गाडीच्या चावीकडे गेला.

"वेल्डिंग मारा," ती म्हणाली.

"पक्कं?"

"मारा. आणि जेवून घ्या."

अतिकभाईंनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग त्यांनी मशीन चालू केलं.

कामिनीनं गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. काम पुरं झाल्याच्या दाखल्यासाठी नकाशा छताशी जुळायला हवा होता. तिनं शेंडा निवडला, उलटवायची कमांड दिली. जुनं पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. अतिकभाई सोडले तर सकाळपासून तिला विचारून कुणी काही केलं असेल, तर एवढंच. तिनं 'होय' दाबलं.