नेट्टामावशींनी बंद केलेला नळ

“मावशी हल्ली विसरते. बाळ तिच्याकडे ठेवताना जरा बघा,” नेट्टामावशींचा भाचा डूगल मला जिन्यात म्हणाला होता. मी हसून विषय बदलला. माझ्या फ्लोराला इतका जीव लावणारी, वरच्याच मजल्यावर एकटी राहणारी बाई मला अख्ख्या ॲबर्डीनमध्ये दुसरी कुठे मिळणार होती?

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. आमच्या स्वयंपाकघराचा पाइप बाहेरच्या भिंतीला लागून येतो, म्हणून मी नळाची बारीक धार सोडून कामावर जायचे. फ्लोराला सांभाळायला मावशी आमच्याच घरी येऊन बसायच्या. परत यावं तर नळ घट्ट बंद.

“मावशी, पुन्हा बंद केलात?”

“गळत होता गं. तुम्हा पोरांना ऐकू कसं येत नाही?” जन्मभर शाळेत साफसफाई केली त्यांनी, मुलांनी उघडे टाकलेले नळ पिळायची हाताला सवयच.

“गळत नव्हता, मी सोडला होता. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो. नळ बंद असला, तर बर्फ आणि नळ यांच्यात कोंडलेलं पाणी जाणार कुठे? पाइप फोडूनच बाहेर येणार ना?”

“पाणी तांब्याचा पाइप फोडतं? कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.”

दुसऱ्या दिवशी तोच नळ, तोच प्रश्न, तोच टोमणा. मग मी नळावर चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी चिठ्ठी नीट घडी करून बाजूला ठेवलेली आणि नळ बंद. ही बाई मुद्दाम माझा अंत बघतेय, अशी माझी खात्रीच झाली.

शनिवारी ऊन पडलं, पाइपातला बर्फ वितळला आणि पाइपच्या चिरेतून पाणी उसळलं. फ्लोराला कडेवर घेऊन मी नुसती ओरडत होते. मावशी खाली आल्या, सिंकखालचा मुख्य नळ बंद केला, बाह्या सरसावून सगळी फरशी कोरडी केली. मग चिरलेल्या पाइपकडे बघून म्हणाल्या, “कोणी केलं गं हे?”

मी फाडकन बोलणारच होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, ओशाळेपण नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या.

“थंडीनं,” मी म्हणाले.

“थंडी तांब्याचा पाइप फोडते?”

मी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.

फ्लोरा आता पाळणाघरात जाते. येताना तिला घेऊन मी रोज वर डोकावते. तुमच्याही जिन्यात कोणी एकटं राहत असेल, तर आज दार वाजवा. उंबऱ्यावरूनच “कशा आहात?” विचारून परत फिरू नका, त्याचं उत्तर त्यांना पाठ असतं. आत जाऊन थोडा वेळ बसा.