बॉनेटखालचे चाळीस गुण

माझ्या नवऱ्याने आयुष्यात स्वतःचं कपाट आवरलेलं नाही. पायमोजे शोधायला त्याला अजून मी लागते. त्याच माणसाने गेल्या सात महिन्यांत सासऱ्यांच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडून आतलं सगळं असं आवरलं, की माझ्या स्वयंपाकघराला तोंड लपवावं लागलं.

सुरुवात आत्यांच्या एका वाक्याने झाली. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली, भावाच्याच घरी राहिल्या. सासरे गेल्यावर वर्षभराने एकदा चहा पिताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, एकदा मला गाडी चालवू दे. माझं लायसन्स सात महिन्यांनी, बावीस तारखेला संपतंय."

मागितलं ते एवढंच, पण ते का मागितलं हे सांगायला हवं. ती गाडी सकाळी किल्लीने कधी सुरू झाली नाही. सासरे स्टिअरिंगवर बसायचे आणि आत्या मागून ढकलायच्या. एकतीस वर्षं. इंजिनाने एकदा धरलं की सासरे थांबत नसत. "थांबलो तर बंद पडेल!" असं खिडकीतून ओरडून ते निघून जायचे आणि आत्या रुमालाने हात पुसत बस स्टॉपकडे वळायच्या. दोघांची ऑफिसं एकाच रस्त्यावर होती.

निवृत्त झाल्यावर आत्यांनी कुणाला न सांगता ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं. सासरे म्हणाले, "ही गाडी तुला झेपायची नाही." ढकलायला बरी झेपत होती, हा मुद्दा घरात कुणी काढला नाही. मीही काढला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते. आता डॉक्टरांनी आत्यांच्या गुडघ्यांकडे बघून सांगून टाकलं होतं, की पुढच्या वेळी लायसन्सच्या फॉर्मवर सही मिळणार नाही. म्हणजे बावीस तारीख शेवटची.

"चालव की, आत्या!" नवरा म्हणाला. "फक्त आतून जरा पुसून घेतो."

पुसता पुसता तो जुन्या गाड्यांच्या क्लबात जाऊन पोचला. क्लबाचं प्रदर्शन होतं, नेमकं त्याच बावीस तारखेच्या रविवारी. तिथून त्याने गुणांचा तक्ता आणला आणि फ्रिजवर चिकटवला. बॉनेटखालच्या स्वच्छतेला चाळीस गुण. इंजिन सुरू होण्याला पाच.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला महिना काजळी खरवडण्यात गेला. माझे तीन टूथब्रश कामी आले, त्यातला एक मी वापरत होते. मग कानात घालायच्या कापसाच्या काड्या डझनाने येऊ लागल्या. मग स्क्रू. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला हव्यात म्हणून हा माणूस दोन रविवार फूटपट्टी घेऊन बॉनेटमध्ये वाकून उभा होता. भिंतीवरचं घड्याळ चार महिने वाकडं आहे, ते त्याला दिसत नाही.

आत्या रोज संध्याकाळी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत. "झालं का रे?"

"होतच आलंय."

खरं तर उलटंच चाललं होतं. बॅटरीच्या वायरी डोळ्यांना खुपतात म्हणून बॅटरी गेली. इंजिनातून ऑइलचा एक थेंब गळायचा, म्हणून सगळं ऑइल काढलं. पेट्रोलने तांब्याच्या पाइपाची चकाकी जाते, म्हणून टाकी कोरडी केली. कोपऱ्यावरचे मिस्त्री चाळीस वर्षं ही गाडी दुरुस्त करत आले आहेत. त्यांना कौतुकाने बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ आत पाहिलं.

"साहेब, छान झालंय," ते म्हणाले. "पण चालणार कशावर?"

"पाचच गुण आहेत हो त्याला. पाचासाठी चाळीस घालवू?"

मिस्त्री चहा पिऊन गेले.

मी मात्र त्या दिवशी भांडले. "अरे, आत्यांचं काय? बावीसनंतर त्यांना कोण बसू देणार?"

"प्रदर्शन झालं की ऑइल भरतो, बॅटरी लावतो. दोन दिवसांचं तर काम आहे!"

"तोवर तारीख चोवीस असेल."

"लायसन्सचं काय एवढं? आवारातल्या आवारात चालवेल ती," असं म्हणून त्याने पुन्हा डोकं आत घातलं. आत्यांनी ते ऐकलं. त्यांनी खुर्ची उचलून आत नेली. माझा इतका संताप झाला की मी दोन दिवस त्याला डबा दिला नाही.

बावीस तारखेला गाडी टेम्पोवर चढवून मैदानावर गेली. आत्या माझ्यासोबत आल्या, इस्त्रीचे कपडे घालून, पर्समध्ये लायसन्स ठेवून. पांढरे हातमोजे घातलेले तीन परीक्षक प्रत्येक बॉनेटखाली बोट फिरवून बोटाकडे बघत होते. गर्दीतल्या एका भोळ्या गृहस्थाने विचारलं, "चालते का हो ही?" सगळे त्याच्याकडे असे वळले, जणू त्याने भर सभेत ढेकर दिली.

पहिलं बक्षीस आम्हालाच. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लग्नात आलं नव्हतं.

मग अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं, "आता विजेती गाडी मैदानाला एक फेरी मारेल!" नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. अध्यक्ष माइक बाजूला करून हळूच म्हणाले, "घाबरू नका. दरवर्षी ढकलतच नेतो. आजवर एकही विजेती गाडी सुरू झालेली नाही. फक्त स्टिअरिंगवर कुणीतरी हवं. लायसन्सवालं, आमच्या विम्याचा नियम आहे."

"मी बसतो की," नवरा म्हणाला.

"आणि ढकलताना रंगाला बोटं लागली तर? कुठे हात लावायचा ते तुम्हालाच ठाऊक."

ते नवऱ्याला पटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला गाडी येत नाही. तोवर आत्यांनी पर्स उघडली होती.

"आज रात्री बारापर्यंत चालतं," त्या म्हणाल्या आणि लायसन्स अध्यक्षांच्या हातात दिलं.

त्या आत बसल्या. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, ब्रेक दोनदा दाबून बघितला. मग खिडकीतून हात बाहेर काढून इशारा केला. नवरा, अध्यक्ष आणि तिन्ही परीक्षकांनी मागून जोर लावला. गाडी हलली. आवाज फक्त ढकलणाऱ्यांच्या धापांचा होता. आत्या मात्र मान ताठ ठेवून समोर बघत होत्या, आणि वळण त्यांनी इतकं सुरेख घेतलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर नाक पुसत टाळ्या वाजवत होते.

फेरी पुरी झाली तेव्हा परीक्षकांचे हातमोजे काळे पडले होते. पुढे मैदान फाटकाकडे थोडं उतरतं. पाचही जण वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. गाडी थांबली नाही.

"आत्या, ब्रेक!" नवरा ओरडला. "थांब ना!"

आत्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. एवढं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"थांबले तर बंद पडेल रे!"

गाडी उतारावरून फाटकाच्या दिशेने निघाली. नवऱ्याने रुमाल काढला आणि हात पुसत तो तिच्यामागे चालू लागला.