कोरं सूप

दाराआड खिळ्याला टांगलेला आहे ना, तो मीच बोलतोय. मी एक सूप. लालबागच्या चाळीत, रखमाच्या खोलीत राहतो. काठ विरले आहेत, एका कोपऱ्याला जुन्या लुगड्याची पट्टी शिवली आहे. पण एके काळी मी इतका कोरा होतो, की माझ्या कोरेपणावरून चाळीत अबोला झाला होता. तीच हकिकत सांगायची आहे.

माझा जन्म देवगडच्या बाजूचा. ओढ्याकाठच्या बेटातला बांबू तोडून बुरडाच्या घरी आणला, त्याच्या पातळ कामट्या काढल्या आणि बुरडीण दारात बसून मला विणत राहिली. विणताना ती आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायची. मला वाटतं, माहेर हा शब्द माझ्या अंगात तेव्हाच विणला गेला. मग भिजवलेली मेथी वाटून माझ्या फटींना लिंपली, उन्हात वाळवलं आणि मी तयार झालो.

मला विकत घेतलं ते रखमाच्या सासूबाईंनी. रखमा तेव्हा नवी सून. तिचा नवरा जयवंत मुंबईला गिरणीत मागावर होता. लग्न करून तो परत गेला आणि शिमगा झाल्यावर त्यानं निरोप धाडला, खोली मिळाली आहे, रखमालाही गिरणीत काम मिळेल, तिला पाठवा.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी मला तुळशीपुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि रखमाच्या हातात दिलं.

"औंदा गौर पूर्वा नक्षत्रात येतली," त्या म्हणाल्या. "तुझो पयलो ओवसो. मुंबैत ऱ्हवलंस तरी चुकव नको. आणि गौरीआदी हेका दाणो लावू नको हां."

ओवसा म्हणजे काय, ते कोकणातल्या बायकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. नव्या सुनेनं सुपात फळंफुलं, पानसुपारी, नारळ मांडून सूप गौरीपुढे ओवाळायचं, मग ते घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायचं, पाया पडायचं. त्यांनी सुपात काहीतरी घालून आशीर्वाद द्यायचा. पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रात येईल त्याच वर्षी होतो, आणि तो झाला की सून खऱ्या अर्थानं घरची झाली. गावी पाच सुपं लागतात. रखमाच्या वाट्याला एकटा मीच होतो.

आगबोटीत सगळी माणसं गाठोड्यांवर बसली होती. रखमानं मला मात्र मांडीवर धरलं. पाणी उडालं की पदर माझ्यावर घालायची, स्वतः भिजायची. भाऊच्या धक्क्यावर जयवंत न्यायला आला होता. तो हसून म्हणाला, "सूप काय गो मुंबैत मिळणा नाय?" तिनं मला पदराआड घेतलं.

जयवंताची चाळीत सगळ्यांशी ओळख होती. पुरुषांचं बरं असतं. एका चिलमीवर त्यांचा गाव जमतो. बायकांचं तसं नाही. बाईला आधी बोलावं लागतं, आणि रखमा बोलली तिथंच घोटाळा झाला.

चाळीत बहुतेक बायका घाटावरच्या, साताऱ्याकडच्या. पहिल्याच दिवशी नळावर रखमानं विचारलं, "माका पयली घागर भरूक देशात?" कुणीतरी लगेच तिची नक्कल केली, "माका, माका!" सगळ्या हसल्या. वाईट मनानं नव्हे, नळावर हसायला काहीतरी लागतंच. पण रखमा तेव्हापासून गप्प झाली. गिरणीत सुताच्या लडी करायच्या खात्यात तिला काम मिळालं. तिथं शेजारी चाळीतल्याच गंगुबाई असायच्या, तरी ही मान खाली घालून काम करायची आणि मान खाली घालून घरी यायची.

गंगुबाई म्हणजे चाळीतलं मोठं माणूस. आवाज खणखणीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांचे यजमान कुशाबा शांत, त्यांच्या वाटणीचं बोलणंही गंगुबाईच बोलून टाकायच्या. कुणाच्या घरी दुखणं असो, बाळंतपण असो, आधी गंगुबाई दारात.

एके दिवशी त्या आमच्या दारात आल्या. हातात जोंधळ्यांची पाटी.

"सूप दे गं जरा. माझं उंदरांनी कुरतडलं. जोंधळं पाखडते नि लगोलग आणून देते."

रखमानं मला खिळ्यावरून काढलं, आणि दोन्ही हातांनी पाठीमागे धरलं. मान हलवली.

मला सगळं कळत होतं. तिच्या ओठांवर सासूबाईंचे शब्द आले होते, पण ते ज्या बोलीत आले होते ती बोली तिनं नळावर गमावली होती. मला वाचा असती तर! सूप दाणे बाहेर टाकतं, शब्द टाकू शकत नाही.

गंगुबाईंनी पाटी कमरेवर घेतली. चाळीत मीठ नाही म्हणत नाहीत, विस्तव नाही म्हणत नाहीत, आणि सूप तर मागायच्या आधीच पुढे करतात.

"ऱ्हाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. "सुपाची मालकीण तू. आमी आपल्या फुकून खाऊ."

झालं. त्या दिवसापासून रखमाचं नाव पडलं सुपवाली. "सुपवाली आली, सरका." "सुपवालीला वारं लागंल, दार लावा." आणि गंमत बघा, ही सुपवाली स्वतःचे तांदूळ ताटात निवडत होती. मला हात लावायची ती फक्त धूळ पुसायला.

एकच बाई तिच्याशी बोलायची. गुणवंती कोळीण. मासळीची टोपली घेऊन चाळीत यायची आणि रखमाच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसायची. तिला रखमाची बोली हसण्यासारखी वाटत नसे, तिची स्वतःचीच बोली कमी का वेगळी होती!

"काय गो बाय, सुकलीस कनी? नवरा मारतंय?"

"नाय गो. बोलूक कोण नाय."

"मं मना बोल! मी ऐकतंय, म्हावरं पन ऐकतंय!"

दोघी हसायच्या. त्या हसण्यानं मीही खिळ्यावर हलायचो.

श्रावण सरला, तशी रखमाची झोप उडाली. पावसाळ्यात आगबोटी बंद, गावी जाणं नाही. स्वतःच्या खोलीत गौर आणावी, तर घरची गौर गावी बसलेली, एका घरच्या दोन गौरी कशा करायच्या? आणि ओवसा घ्यायला वडीलधारं माणूस कुठलं? पूर्वा नक्षत्राची गौर पुन्हा कधी येईल कोण जाणे. सासूबाईंचा शब्द मोडणार, हे तिच्या मनानं घेतलं. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती माझ्यापुढेही हात जोडायची.

गुणवंतीनंच तोडगा काढला. "तुझे चाळीत त्या गंगुबायकडं गौर येतंय ना? तिचेपुढं कर. गौर काय कुनाची एकलीची हाय?"

"ती माका दारात उभी करूची नाय."

"गौरीचे दिवशी कोन कुनाला हाकलतंय गो? आनि हे बघ, मी तुला भरलेल्या चिंबोऱ्या आनून देतंय. आमचे गौरीला चिंबोरी नाय दिली त ती रुसून बसतंय!"

रखमाचा चेहरा खुलला. त्यांच्या गावीही गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो. वडे आणि कालवण. कोळीवाड्यातली गौर जेवते, गावची गौर जेवते, तेव्हा सगळ्याच गौरी जेवत असणार. तिला शंकासुद्धा आली नाही. मलाही नाही. आम्ही दोघं एकाच किनाऱ्याचे!

गौरीपूजनाच्या दिवशी तिनं गिरणीत खाडा केला. नाहून, कोरं लुगडं नेसून मला खाली घेतलं. माझ्या काठांना हळदकुंकवाची बोटं ओढली, दोरा गुंडाळला. काकडी, केळी, पेरू, नारळ, पानसुपारी, तेरड्याची फुलं मांडली. मधोमध केळीच्या पानाखाली झाकलेला वाडगा, त्यात वडे आणि चिंबोरीचं कालवण. मी अभिमानानं फुगलो होतो. याच दिवसासाठी तर माझा जन्म!

गंगुबाईंची खोली बायकांनी भरली होती. आम्ही आत शिरलो आणि दोघंही चकित झालो. आमच्या गावची गौर तेरड्याच्या रोपांची. इथं दोन उभ्या गौरी, मुखवट्यांच्या, लुगडी नेसलेल्या, नथ घातलेल्या. शेजारी गणपती. पुढे पुरणपोळ्यांची चळत.

"सुपवाली!" कुणीतरी पुटपुटलं.

गंगुबाईंनी पाहिलं. गुणवंती म्हणाली होती तसंच झालं, गौरीच्या दिवशी हाकलणं त्यांच्याच्यानं होईना. "ये," त्या एवढंच म्हणाल्या.

रखमानं मला गौरींपुढे ओवाळलं. खाली ठेवलं. आणि वाडग्यावरचं पान काढलं.

वास दरवळला.

"अगं बया!" एक म्हातारी ओरडली. "गौरीम्होरं खेकडं!"

"बाटवली गं गौर!"

"उचल, उचल आधी!"

एरवी त्याच बायका चिंबोरीचे नांगे कडाकडा फोडून खायच्या. पण गौरीचं ताट वेगळं. रखमानं माझ्यावर ओणवं होऊन वाडगा झाकला आणि रडायलाच लागली. रडता रडता, इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं तिच्या बोलीत बाहेर पडलं.

"आमच्याकडे गौर माहेराक येता. लेक माहेराक इली, तर तिका आवडता ता वाढूक नको? माका म्हायत नव्हता तुमची गौर खायत नाय! ह्यां सूप सासूबायन दिल्यान. गौरीआदी हेका दाणो लावू नको, असां सांगल्यान. म्हणान तुमका दिलंय नाय. मी ताटात तांदूळ निवडलंय, पण हेका हात लावूक नाय. पयलो ओवसो माझो... माका हय कोण आसा?"

या वेळी कुणी हसलं नाही.

गंगुबाई खाली बसल्या. मला हातात घेऊन त्यांनी माझ्या अंगावरून बोट फिरवलं. एक चरा नाही, एक कोंड्याचा कण नाही.

"म्हंजी ह्ये गौरीचं सूप व्हय," त्या हळू बोलल्या. "मग तवाच सांगितलं का न्हाईस गं पोरी?"

"तुमी हसतास."

गंगुबाईंनी बायकांकडे पाहिलं. बायकांनी आपापल्या पदराकडे पाहिलं.

"आनि तुमच्याकडं गनपती न्हाई का बसत? त्याच्याम्होरं कसं चालतं ह्ये?"

रखमानं नाक पुसलं. "पडदो लावतत. गणपतीक दिसूक नको म्हणान."

गंगुबाईंनी डोळे मोठे केले. मग त्यांचा तो खणखणीत आवाज फुटला, पण हसण्यानं. "म्हंजी लेकापासनं लपवून आय खाती व्हय!"

दारात कुशाबा उभे होते. ते म्हणाले, "खाईल न्हाई तर काय. तू न्हाई का पोरांपास्नं चोरून गूळ खात?"

सगळी खोली हसली. ती म्हातारीसुद्धा.

गंगुबाई उठल्या. दोरीवरचं वाळत घातलेलं धुवट लुगडं ओढलं आणि दोन गौरींच्या मधोमध आडवं धरलं. गणपती आणि थोरली गौर एका बाजूला, धाकटी एकटी दुसऱ्या बाजूला.

"थोरली माझी. पुरनपोळी खाईल," त्या म्हणाल्या. "धाकली ह्या सालापुरती कोकनातली. माहेरी आलीया, काय मागंल ते खाऊ दे तिला. धर गं ते टोक कुनीतरी!"

"माका" म्हणून नक्कल करणारीनंच दुसरं टोक धरलं.

पडद्याआड धाकट्या गौरीपुढे वाडगा ठेवला. ती जेवली की नाही, ते मी सांगणार नाही. पण तिची नथ हलली, एवढं मी पाहिलं.

मग रखमानं मला उचललं आणि गंगुबाईंच्या हाती दिलं. वाकून पाया पडली. गंगुबाईंनी मला कपाळाला लावलं. आता आशीर्वादाचं काहीतरी सुपात घालायचं. त्या आत गेल्या, आणि पाटी घेऊन आल्या. त्यांनी माझ्यातली फळं एका ताटात काढली आणि माझ्यात ओंजळभर ओतलं.

जोंधळे. न पाखडलेले.

"घे. आता तरी पाखडून देशील का, सुपवाले?"

रखमाच्या गालावर अजून पाणी होतं. "दितंय," ती म्हणाली. आणि गॅलरीत बसून तिनं मला पहिला हात दिला. दाणे वर गेले, कोंडा उडाला, दाणे परत माझ्याकडे आले. माझ्या अंगाला लागलेला पहिला दाणा कोकणातला नव्हता, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनाही वाटलं नसतं.

त्यानंतर मी कोरा राहिलो नाही. चाळीतला एकेक दाणा माझ्यातून गेला. गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली, चाळ ओस पडली, तेव्हा गंगुबाईंनी रखमाला आणि जयवंताला आपल्या गावी नेलं. मी गाठोड्यावर बांधलेला, घाट चढून गेलो. तिथल्या खळ्यावर रखमा "माका" म्हणायची आणि हळूहळू तिथल्या बायकाही म्हणायला लागल्या, "माका दे गं सूप!" साथ ओसरल्यावर आम्ही सगळे परत लालबागला आलो.

आता माझं वय झालं. दरवर्षी गौरीला नवं सूप येतं, ओवसा गंगुबाईंच्याच हाती जातो, आणि मधला पडदा ही आता रीतच झाली आहे. मी दाराआड असतो. चाळीत नवं माणूस आलं, त्याच्या बोलण्याला कुणी हसलं, की रखमा मला घेऊन त्याच्या दारात जाते. "सूप होया काय?" एवढंच विचारते.

बायांनो, एक मागणं आहे. तुमच्या शेजारी कुणी नवं आलं आणि काही द्यायला नाही म्हणालं, तर रागावण्याआधी उंबऱ्यावर क्षणभर बसा. त्या नाहीमागे एखादं व्रत असेल.

आणि माझ्या कामट्या सुटल्या, की मला चुलीत घालू नका. गौर परत निघेल त्या दिवशी तिच्याबरोबर समुद्रात सोडा. माझा गाव त्याच किनाऱ्यावर आहे, लाटा मला ओळखतील.

पण घाई नको. गंगुबाई पाटी घेऊन येताना दिसताहेत.