शेवटची सहा कार्डं

१९७८ साली शिवशरण हत्तुरे सोलापूरच्या एका कापड गिरणीत प्रोग्रामर होता. गिरणीचा संगणक दहा वर्षं जुना, मुंबईच्या एका कंपनीने वापरून विकलेला. कापड विणायच्या साचेखात्याच्या मागे त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली होती. बाहेर एप्रिलच्या उन्हात माणसं घामाने भिजायची आणि या खोलीतली चौघं स्वेटर घालून बसायची.

शिवशरणची तक्रार यंत्राबद्दल नव्हती, कंपायलरबद्दल होती. माणसाने कोबोलमध्ये लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवायचं काम कंपायलरचं, आणि गिरणीतल्या कंपायलरला त्यासाठी चाळीस मिनिटं लागत. कुठे एक पूर्णविराम राहिला तर दुरुस्ती करून पुन्हा चाळीस मिनिटं. पुण्याच्या संगणक केंद्रातल्या एका मित्राने त्याला नव्या कंपायलरची टेप दिली. सोबतच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर इशारा होता की हा कंपायलर चौथ्या आवृत्तीपेक्षा जुन्या सिस्टीमवर वापरू नये. गिरणीच्या यंत्रावर दुसरी आवृत्ती होती, आणि त्या यंत्राला तिसरी कधी मिळणारच नव्हती.

सुरू होताना कंपायलर आवृत्ती तपासायचा आणि थांबायचा. शिवशरणने ती तपासणी शोधून काढली आणि ती टाळून पुढे जाणारी एक सूचना आत घातली. कंपायलर चालला. चाळीस मिनिटांचं काम अकरा मिनिटांत झालं. चाचणीसाठी त्याने मोजून पाचशे पंच कार्डं घेतली, प्रत्येक कार्डावर भोकं पाडून केलेली एका कामगाराची नोंद. पाचशेच्या पाचशे नोंदी छापून आल्या.

विभागप्रमुख रुद्रप्पा बिराजदार खूश झाले. जुन्या कंपायलरची टेप मात्र तीन महिने सांभाळून ठेवायला त्यांनी सांगितलं. पण कोऱ्या टेपांची कायम टंचाई असे. आठवड्याभरात शिवशरणने त्याच टेपवर कामगारांची हजेरी उतरवली, जुना कंपायलर पुसला गेला, आणि वहीत लिहिलं, जुनी टेप कपाटात ठेवली आहे.

मे महिन्यात बदली कामगारांची, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर येणाऱ्यांची, यादी निघाली. ज्यांचे वर्षातले ठरलेले कामाचे दिवस भरले त्यांना कायम करायचं होतं. कार्डं महानंदा पाटील या पंच ऑपरेटरने तयार केली होती. ती सात वर्षं हेच काम करत होती आणि प्रत्येक गठ्ठ्यावर कार्डांची संख्या लिहून देत असे. या गठ्ठ्यावर तिने लिहिलं होतं, एक हजार दोनशे शहाऐंशी.

यादी फाटकावर लागली आणि दुसऱ्या दिवशी घडीखात्यातल्या तानाबाई कामगार कचेरीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यासकट सहा जणींची नावं नव्हती.

"नऊ वरसं बदलीवर हाय मी," त्या म्हणाल्या. "यंदा दीस भरल्यात, मुकादमानं लिवून दिलंय. मग माझं नाव कुटं गेलं?"

बिराजदारांनी शिवशरणला बोलावून विचारलं, प्रोग्राम चुकला की कार्डं? त्याच्या हातात छापील कागद होता. वाचलेली कार्डं १२८६, लिहिलेल्या नोंदी १२८०. हे दोन्ही आकडे त्याने सकाळीच पाहिले होते. प्रोग्राम म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न जुन्या टेपचा आला असता.

"प्रोग्राम तर तपासलेला आहे, साहेब," तो म्हणाला. "कार्डंच कमी आली असतील."

त्याला वाटलं, महानंदाला चार शब्द बोलणी बसतील आणि विषय संपेल. तसं झालं नाही. सहा बायकांच्या नोकरीचा प्रश्न होता आणि युनियनला कुणाचं तरी नाव हवं होतं. महानंदाची बदली सुताच्या गोदामात झाली. तिने एकदाच सांगितलं की कार्डं मोजून दिली होती, आणि मग तिने स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला.

तीन दिवसांनी शिवशरणला चूक सापडली. नोंदी दहा-दहाच्या गठ्ठ्याने टेपवर जात. शेवटचा अर्धवट गठ्ठा सिस्टीम लिहील असं नवा कंपायलर धरून चालायचा, आणि जुन्या सिस्टीमला ते येतच नव्हतं. त्याच्या चाचणीतल्या पाचशे कार्डांत अर्धवट गठ्ठा नव्हताच. त्याने खोलीत येणाऱ्या कार्डांच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी नऊ कोरी कार्डं जोडायला सुरुवात केली, म्हणजे गळाली तर कोरीच गळतील. सहा नावांची पुरवणी यादी लागली. तानाबाई कायम झाल्या. गिरणीत हा विषय कुणाच्या तोंडी उरला नाही.

महानंदाच्या जागी आलेल्या सिद्धम्माने ही कोरी कार्डं कशाला असं विचारलं. यंत्राला लागतात, असं त्याने सांगितलं. ती रोज विश्वासाने नऊ कार्डं जोडायची, आणि त्या वेळी तो काहीतरी काम काढून खोलीबाहेर जायचा. जेवण जाईना. आईने दोनदा विचारलं, त्याने उन्हावर ढकललं.

जूनच्या शेवटी एका सहीसाठी त्याला गोदामात जावं लागलं. महानंदा सुताची बाचकी मोजत होती. मोजून झालं, तिने आकडा लिहिला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. मग तिसऱ्यांदा. शेजारचा हमाल म्हणाला, बाई लई बारकाईनं बघतात, त्यांचं मोजणं काय लवकर संपत न्हाय.

शिवशरणने तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. इशारा, टेप, दोन आकडे.

तिने हातातली पेन्सिल बाचक्यावर ठेवली. "मला खरंच वाटायला लागलं होतं की माझंच चुकलं," ती म्हणाली. "घरी भाकऱ्या मोजते तर आईला म्हणते, तू एकदा मोज."

"मी आजच साहेबांना लिहून देतो."

"द्या की. पण आमच्या अप्पांनाही सांगा. मी सांगून त्यांना पटलं नाही."

लेखी कबुली वाचून बिराजदार संतापले. मिटलेलं प्रकरण उकरून काढल्याबद्दल जास्त, टेपबद्दल कमी. कागद ठेवून घेऊ का फाडू, असंही त्यांनी विचारलं. शिवशरणने एक प्रत कामगार कचेरीत आधीच दिली होती. त्याच्याकडून नवे प्रोग्राम लिहायचं काम काढून घेतलं. उरलेलं वर्ष त्याने जुने प्रोग्राम एकेक करून हाताने दुरुस्त करायचे, असं ठरलं. महानंदाला परत बोलावल्याचं पत्र निघालं.

रविवारी सकाळी तो बाळीवेशीत तिच्या घरी गेला. तिचे अप्पा, म्हणजे वडील गुरप्पा, घराच्या पुढच्या सोप्यावर बसले होते. हेच ते संगणकाचे साहेब, असं महानंदाने सांगितलं आणि ती दाराशी उभी राहिली. शिवशरणने त्यांच्या घरच्या कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. कंपायलर, आवृत्ती हे शब्द तिथे उपयोगाचे नव्हते. तो एवढंच म्हणाला की तुमच्या मुलीने कार्डं बरोबर दिली होती, ती माझ्या चुकीने हरवली, मला ते त्याच दिवशी दिसलं होतं आणि मी तिचं नाव पुढे केलं.

 गुरप्पांनी महानंदाच्या आईला हाक मारून बाहेर बोलावलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली.

"आता हिला सांगा," गुरप्पा म्हणाले.

शिवशरणने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.