क्रौंचांच्या वाटेतला पडाव

मी पडाव बोलतोय, इंजिनाची होडी. सपाट बुडाचा, पत्र्याचा, अमेरिकेतल्या लुइझियानाच्या भातखाचरातला. बोलायची हौस नाही मला. पण ओडील जिथंतिथं भलतंच सांगत सुटलीय, म्हणून तोंड उघडावं लागलं.

माझा मालक टेलेस्फोर. भात निघालं की खाचरात पाणी धरायचा, नांग्यावाले झिंगे वाढवायचा. रोज सकाळी मी ठरलेल्या रांगेतनं धडधडत जायचो, तो पिंजरे उचलायचा. बावीस वर्षं. कौतुकाचा शब्द नाही.

एका वसंतात माझ्या वाटेलगतच पांढऱ्या क्रौंचांच्या जोडीनं गवताचा ढीग रचला. छातीएवढे उंच पक्षी. उभ्या जगात काही शेकडेच उरलेत म्हणे. ढिगावर दोन अंडी. मी जाताना निरखायचो. नर आला की मादी उठायची. तो चोचीनं अंडी फिरवून बसायचा. पाळी कोण ठरवतं? अजून कळलेलं नाही मला.

मग टेलेस्फोरची थोरली बहीण ओडील बांधावर आली.

"अरे मेल्या, ह्या खटाऱ्यानं पाखरं पळतील! बंद कर!"

"अक्का, ती रोज बघतात त्याला. तुझ्यापेक्षा तोच सवयीचा आहे."

"अंडी गेली तर ह्या पत्र्यामुळंच, लिहून ठेव!"

मला बांधावर चढवलं. तिसऱ्या दिवशी तीच बाई लाल टोपी घालून अंडी बघायला पाण्यात उतरली. दोन्ही क्रौंच उडाले. कावळे टपलेलेच. एक अंडं गेलं.

"टेलेस, काहीतरी कर रे!"

त्यानं मला पाण्यात ढकललं, तिला आत ओढलं, आणि मी माझ्या रांगेतनं धडधडत निघालो. कावळे पांगले. आम्ही पुढं सरकलो तशी मादी उतरली आणि उरलं अंडं पोटाखाली घेऊन बसली.

पेरणीसाठी खाचर सुकवायची वेळ झाली. पाणी काढलं असतं तर अंडी खाणारे रॅकून चालत ढिगापर्यंत गेले असते. टेलेस्फोरनं काढलंच नाही.

"यंदा तेवढं भात नाही," म्हणाला. "बोंबलू दे अक्काला भातापायी."

पिल्लू निघालं. तो तुकडा त्यानं कायमचाच पाणथळ ठेवला. लव्हाळी माजली, बेडूक आले.

आता माझं इंजिन काढलंय. लव्हाळ्यात अर्धा बुडून पडलोय. ते पिल्लू आता उंच झालंय. येऊन माझ्या पत्र्यावर चोच मारून बघतं. काय शोधतं कोण जाणे. मारू दे.

पण दर रविवारी चर्चबाहेर त्या बाईचं अजून तेच सांगणं चालू आहे, की अंडं पडावानं घालवलं. तुमचं तिकडं जाणं झालं तर निरोप द्या. बांधावर यावं, लाल टोपी काढावी, आणि 'चुकले' एवढंच म्हणावं ओडील फ्रूजेनं.